पॅसाडेनाचा बीव्हर

कॅल्टेक हे घराणं नोबेलवाल्यांचं. त्या घरात वर्षानुवर्षं नापास होत आलेला हा एकटाच, तरी त्याला कुणी घराबाहेर काढलं नाही. हा म्हणजे कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या या छोट्या खासगी विद्यापीठाचा क्रीडाविभाग. नाव 'बीव्हर्स'. बीव्हर हा लाकडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी, जन्मजात इंजिनियर. बोधचिन्ह ठरवताना चपळाई कुणी बघितली नसावी.

पदवीचे विद्यार्थी साधारण हजार. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची नियामक संस्था; तिच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, आणि पोराची उंची बघून गणितात सूट द्यायची इथे रीत नाही. मग बास्केटबॉलच्या संघात शाळेत पहिले आलेलेच भरपूर, शाळेच्या संघातून खेळलेले थोडे. बास्केटबॉलमध्ये 1985 सालच्या एका विजयानंतर हा आपल्या लीगमध्ये हरू लागला, तो ओळीने 310 सामने हरला. बेसबॉलमध्ये 228. फुटबॉलचा संघ तर 1993 मध्ये बंदच झाला. मुलं आली, पदव्या घेऊन गेली. हरण्याचा वारसा तेवढा पुढच्या तुकडीच्या गळ्यात पडत राहिला.

पण पुढच्या सामन्याला हा हजर! याचंच मला नवल वाटतं. दुसरा नंबर कसा असतो हे ज्यांनी कधी पाहिलं नाही, ती मुलं याच्या हाताखाली मैदानात मार खातात आणि रात्री फिजिक्सची गणितं सोडवायला बसतात.

22 फेब्रुवारी 2011. बास्केटबॉलचा सामना, समोर ऑक्सिडेंटल कॉलेज. गुण 45-45, घड्याळात उरलेत 3.3 सेकंद. फ्री थ्रोच्या रेषेवर रायन एल्मक्विस्ट, कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी. चेंडू जाळीतून खाली आला. 46-45! सव्वीस वर्षांनी लीगमधला सामना जिंकला होता. प्रेक्षक थेट कोर्टावर धावले.

याची भावंडं, म्हणजे कॅल्टेकचे इतर विद्यार्थी, मात्र बिलंदर. 1961 मध्ये पॅसाडेनातल्याच रोझ बोल स्टेडियमवरच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या समर्थकांनी रंगीत पुठ्ठे कसे उंचावायचे याच्या सूचना गुपचूप बदलल्या; प्रेक्षकांनीच पुठ्ठे उंचावून 'कॅल्टेक' अशी अक्षरं काढली, तीही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. 1984 मध्ये तिथल्याच गुणफलकात घुसून कॅल्टेकला एमआयटीवर 38-9 असा विजय मिळवून दिला. न खेळता मिळालेला.

हा तसला नाही, हा सरळमार्गी. सत्राच्या सुरुवातीला निरनिराळ्या वर्गांना बसून बघायचं आणि मग विषय पक्के करायचे, ही कॅल्टेकची पद्धत. त्या दिवसांत काही खेळाडू नियमानुसार पूर्णवेळ विद्यार्थी ठरत नव्हते, तरी खेळत होते. ही चूक विद्यापीठानेच शोधली आणि स्वतःहून एनसीएएला कळवली. 2012 मध्ये शिक्षा झाली: तीन वर्षं देखरेख, आणि अशा खेळाडूंसह मिळवलेले विजय रद्द. पराभवांना कुणी हात लावला नाही.