पॅरिसची चिमणी

आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. एकटी असली की काय सुरेख गाते! पण पाहुणे आले, की थेट बाकाखाली! म्हणून परवा मी नकाशा उघडला नि सगळ्या वर्गाला पॅरिसच्या सहलीला नेलं. तिकीट नको, डबा नको, नुसतं बोट फिरवायचं. चला, तुम्हीही या.

शहराच्या पूर्वेला बेलव्हिल हा चढावरचा, कष्टकऱ्यांचा जुना भाग. इथल्या ७२ नंबरच्या घरावर पाटी आहे. गायिका एदित पियाफ १९ डिसेंबर १९१५ रोजी या पायऱ्यांवर जन्मली, असं ती सांगते. जन्माची नोंद मात्र जवळच्या तनों रुग्णालयातली! पण गरिबी अगदी खरी. वडील रस्त्यावर कसरतींचे खेळ करत. पुढे पोरगीही रस्त्यावर गाऊन पैसे मिळवू लागली.

आता बोट पश्चिमेला न्या. इथं विजयकमानीजवळ १९३५ साली लुई लप्ले या क्लबमालकानं तिचं गाणं ऐकलं. पाच फुटांहूनही बुटकी पोर, पण आवाज केवढा! त्यानंच तिला ‘पियाफ’ हे नाव दिलं. पॅरिसच्या बोलीत पियाफ म्हणजे चिमणी.

त्याच डिसेंबरात तिची पहिली गाणी ध्वनिमुद्रित झाली. तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. मध्येच चुकलं, की पुन्हा पहिल्यापासून! पुढे मोठ्या तबकड्या आल्या, टेप आली; चिमणी गातच राहिली. १९६० च्या अखेरीस ती आजारानं खंगली होती. तरी डबघाईला आलेलं ओलिंपिया नाट्यगृह वाचवायला ती रंगमंचावर उभी राहिली. शेवटचं ध्वनिमुद्रण १९६३ च्या एप्रिलमधलं. म्हणजे सत्तावीस वर्षांहून जास्त! त्याच ऑक्टोबरात ती गेली, अवघ्या ४७ व्या वर्षी.

परत बेलव्हिलला येऊन मेट्रोत बसा. तिसरं स्थानक पेर लाशेज. तिथल्या दफनभूमीत वडिलांबरोबर तिची कबर आहे. आवाज जगभर फिरला, चिमणी मात्र घरट्याजवळच विसावली.

मी नकाशा गुंडाळत होते, तोच मागून हळूच प्रश्न आला, “बाई, पहिल्यांदा गाताना तिला भीती नसेल वाटली?”

“वाटलीही असेल गं,” मी म्हटलं, “पण ती गायली.”

शनिवारी बालसभा आहे. बाकाखाली कोण जातं, बघू या!