कोळशाच्या वाटेने खाली उतरताना

एसेन स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम निघते आणि कामगारवस्तीतून थेट त्सोलफेराइन या बंद कोळसा खाणीच्या दारात आणून सोडते. चाकणच्या आमच्या कंपनीने मशीनच्या ट्रायआउटसाठी मला जर्मनीला पाठवलं होतं. मधला रविवार मोकळा मिळाला, तो मी या खाणीला दिला.

खाण म्हटलं की आम्हा राजगुरुनगरकरांना मोशीच्या दगडखाणी आठवतात. इथे फाटकातून आत शिरलो तर समोर मोकळा चौक, दोन्ही बाजूंना लाल विटांच्या चौकोनी इमारती आणि बरोब्बर मधोमध ५५ मीटर उंचीचा लोखंडी मनोरा. कुठे नक्षी नाही, कमान नाही. उद्योगपती फ्रांझ हानियेलने ही खाण १८४७ साली काढली. आज लोक बघायला येतात ते मात्र तिचं बारावं शाफ्ट. १ फेब्रुवारी १९३२ रोजी ते सुरू झालं. आराखडा फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या दोघा वास्तुविशारदांचा. दिवसाला १२,००० टन कोळसा इथून वर यायचा.

मी फॅब्रिकेशनमधला माणूस, म्हणून आधी भिंतीपाशी गेलो. ती भार घेतच नाही. सगळा भार आतल्या पोलादी सांगाड्यावर, बाहेरून लोखंडी चौकटी आणि त्या चौकटींत नुसती भरलेली वीट. चाकणमधली आमची प्रत्येक पीईबी शेड, म्हणजे कारखान्यात तयार केलेले पोलादी भाग जोडून उभारलेली शेड, याच तत्त्वावर उभी असते, आम्ही फक्त विटेच्या जागी कलर कोटेड पत्रा मारतो. मग ही इमारत पाहताना पाय का थबकतो आणि आमची शेड पाहताना का नाही? मी बराच वेळ चौकटी न्याहाळत राहिलो. खिडक्यांच्या लांब पट्ट्या चौकटींच्या रेषेतच धावतात. एका इमारतीची ओळ पुढच्या इमारतीत तशीच चालू राहते. कन्व्हेयरचे तिरपे पूलसुद्धा ड्रॉइंगवर आधीच विचार करून बसवलेले वाटतात. मालकांना आपला दबदबा दाखवायचा होता, हे उघड आहे. तरी रोज याच फाटकातून कामावर येणाऱ्या माणसाच्या वाट्यालाही ती नीटनेटकी भव्यता आली, हे मला मोलाचं वाटतं.

कोळसा धुऊन वेगळा करायची जी प्रचंड इमारत होती, तिच्यात आता रुहर म्युझियम आहे. बाहेरून लांबलचक सरकत्या जिन्याने २४ मीटर वर जायचं आणि तिथून मजला मजला खाली यायचं. कोळसाही असाच वरून खाली उतरत जायचा. आमचा गाइड सत्तरी ओलांडलेला होता आणि त्याने या पट्ट्यातल्या खाणींतच उमेदीची वर्षं काढली होती. एका लोखंडी शूटवर त्याने हातोडी मारली. अख्खा मजला घणघणला. ‘हे एकच. अशी शेकडो एकदम चालायची,’ तो म्हणाला आणि दोन्ही कानांतली यंत्रं त्याने बोटाने दाखवली. इमारतीच्या देखणेपणाचं कौतुक करताना ते कानही विसरता येणार नाहीत.

२३ डिसेंबर १९८६ रोजी इथला कोळसा थांबला. एरवी पुढचं ठरलेलं असतं: भंगाराचा लिलाव, पाडापाडी, प्लॉटिंग. इथे राज्य सरकारने जागा विकत घेतली आणि बाराव्या शाफ्टला संरक्षित वारशाचा दर्जा दिला. बॉयलर हाउस नॉर्मन फॉस्टरने डिझाइनच्या संग्रहालयात बदललं. २००१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. सगळं घडलं ते भिंती उभ्या असताना निर्णय झाला म्हणून.

माझ्या डोक्यात तेव्हापासून पिंपरी आहे. १९५४ साली तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स (एचए) स्थापन झाली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. नव्या देशाने स्वतःचं पेनिसिलिन स्वतः करायचं ठरवलं ते इथे. हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध इथल्याच संशोधनातून निघालं. पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा आपण ज्याला म्हणतो, त्याची सुरुवात सांगायची तर एचएपासूनच सांगावी लागते. कंपनी अजून आहे, पूर्वीचा पसारा मात्र राहिलेला नाही, आणि २०१६ साली केंद्राने तिची जादा जमीन विकायचं धोरण मंजूर केलं. जमीन विकावी की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण काय जपायचं याची यादी त्याआधी व्हायला हवी, आणि ती करताना तिथे राबलेल्या माणसांना विचारायला हवं.

माझ्या थोरल्या मामांनी एचएत फर्मेंटेशनला आयुष्य घालवलं. परत आल्यावर वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते सांगत गेले, मी नकाशा काढत गेलो: टाक्या कुठे होत्या, पाळी बदलताना रांग कुठून लागायची, आंबवणाचा वास वारं फिरलं की कुठवर जायचा. पॅकिंगचा भाग त्यांना नीट सांगता आला नाही. त्यांचे एक जोडीदार नेहरूनगरला राहतात, येत्या रविवारी त्यांच्याकडे जायचं आहे.