पिलाला आभाळ कुणी शिकवायचं

कोंबडीच्या पिलाला दोन आवाज असतात. पोट भरलेलं असलं, ऊब मिळालेली असली की ते तोंडातल्या तोंडात बोलत राहतं. इतकं हळू की पावसाची सर आली तर ऐकूही येऊ नये. दुसरा आवाज हाकेचा. उंच, टोकदार, एकामागून एक येणारा. एवढ्याशा छातीत तो मावतो कसा, असं वाटतं. ज्या घरात कोंबड्या आहेत तिथली बाई कितीही कामात असली, तरी हा दुसरा आवाज कानावर पडला की हातातलं टाकून परसात जाते. पिलू चुकलंय, भिजलंय किंवा अडकलंय, एवढं तिला त्यातून कळलेलं असतं.

आमच्या मालवणी मुलखात मे महिन्यात खुडूक बसलेली कोंबडी २१ दिवसांनी पिलं घेऊन उतरते, तेव्हा पाऊस दाराशी आलेला असतो. त्या वर्षी आमच्या कबऱ्या कोंबडीची पिलं परसात हिंडायला लागली आणि मृग लागला. भर दुपारी कुंपणातून मुंगूस आलं. कोंबडी पिलांना टाकून पळाली नाही. पंख फुलवून त्याच्या अंगावर गेली आणि तिथेच संपली. पिलं गवतात, लाकडांच्या ढिगात, केळींच्या बुडाशी पांगली, आणि पाठोपाठ सर आली. एकेकाला हुडकून आणेपर्यंत सगळी चिंब झाली होती.

नुकत्याच निघालेल्या पिलाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. ती कोरडी असेतो ऊब धरते. भिजली की तिचा काही उपयोग नाही. आणि स्वतःच्या अंगाची ऊब स्वतः राखणं या वयात पिलाला जमत नाही. खरी पिसं यायला काही आठवडे जातात, तोवर त्याला कोंबडीच्या पोटाखाली शिरावंच लागतं. आईने चुलीपुढे सूप ठेवलं, सुपात जुन्या लुगड्याचं फडकं घातलं आणि एकेक पिलू पुसून त्यात ठेवलं. काहींनी आधीच माना टाकल्या होत्या. काही उबेने डोळे उघडून बसली, थोडी बोललीही, पण पहाटेपर्यंत तीही गेली. उजाडलं तेव्हा सुपात एकच पिलू पायांवर उभं होतं. काळ्या पाठीचं, डोळ्यापासून मागे गेलेली बारीक काळी रेघ असलेलं. ते हाक मारत होतं.

ती हाक दिवसभर थांबेना. पोट रिकामं होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. कवचातून बाहेर पडण्याआधी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, आणि त्या शिदोरीवर पहिले दोन-तीन दिवस निघू शकतात. ऊबही होती. मग हाक कशाची? त्या पिलाच्या जन्माकडे पाहिलं की उत्तर मिळतं. अंड्याच्या रुंद टोकाशी हवेची एक पोकळी असते. शेवटच्या एक-दोन दिवसांत पिलू त्या पोकळीत चोच खुपसतं, पहिला श्वास घेतं आणि आतूनच बोलू लागतं. खुडूक कोंबडी त्याला वरून उत्तर देते. शेजारच्या अंड्यांतली भावंडंही बोलत असतात. मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकात लाव्यांच्या अंड्यांवर प्रयोग केले, त्यात दिसलं की एकमेकांना चिकटून असलेल्या अंड्यांतली पिलं परस्परांच्या टिकटिकीवर आपली वेळ जुळवतात. मागे राहिलेलं पिलू घाई करतं, आणि सगळी जवळपास एकदम बाहेर येतात. म्हणजे उजेड पाहण्याआधीच पिलाने सोबत ऐकलेली असते. सुपातल्या त्या पिलाने जन्मात पहिल्यांदाच शांतता अनुभवली होती, आणि तिलाच ते घाबरलं होतं.

आम्ही पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, त्यात भाताचा तूस पसरला आणि एका कोपऱ्यावर ६० वॉटचा बल्ब सोडला. पिलांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवत न्यायची. घोळका असला की हे सगळं घोळक्याकडे बघूनच कळतं: बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर गारठलीत, भिंतीशी जाऊन चोची वासून बसली तर तापलीत. एकट्या पिलाच्या बाबतीत हा हिशोब बसत नाही. त्याला चढून बसायला दुसरं अंगच नसतं. म्हणून रात्री उठून हात घालून बघावं लागायचं. आईने खोक्याच्या वरच्या काठाला चिंध्यांचा झुबका बांधला, त्याची टोकं तुसाला टेकतील अशी. पिलू त्यात पाठ घासत शिरलं आणि पहिल्यांदा थोडा वेळ गप्प झालं. पाठीवर काहीतरी टेकलेलं त्याला हवं होतं.

मग एक छोटा आरसा ठेवला. पिलाने काचेवर चोच मारली, मागे जाऊन पाहिलं, तिथे कुणी नव्हतं, पुन्हा पुढे आलं. शेवटी काचेला अंग लावून बसलं. आतलं पिलू त्याच्यासारखं हलत होतं, पण त्याच्या अंगाची ऊब येत नव्हती. ते पाहवत नव्हतं, आणि आरसा काढूनही घेववत नव्हता.

खाण्याची गोष्ट आणखी नाजूक. चोच मारणं पिलाला उपजत येतं. कशावर मारायची ते मात्र कुणीतरी दाखवावं लागतं. ते चमकणाऱ्या पाण्याच्या थेंबावर मारतं, तुसावर मारतं, स्वतःच्या नखावरही मारतं. कोंबडी काय करते? दाणा उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते आणि घाईघाईने बोलावते. भावंडं धावतात, आणि एकाचं बघून दुसरं खातं. एकट्या पिलाला यातलं काहीच नसतं. म्हणून मी खोक्यात कणी आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा पसरून त्यावर तर्जनीचं नख टकटक वाजवलं. पिलू थबकलं. मान एका बाजूला कलती करून एका डोळ्याने बोटाकडे बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने. एक पाऊल पुढे आलं आणि नखाच्या अगदी शेजारची कणी टिपली. पुन्हा टकटक, पुन्हा कणी. ती इवलीशी चोच नखाला लागायची तेव्हा तिच्या टोकावरचा पांढरा खडा जाणवायचा. कवच फोडायला पिलाला तो दिलेला असतो आणि काम झालं की गळून पडतो. त्या सकाळी माझं बोट त्याच्या आईच्या जागी आलं.

पाणी उथळ बशीत, तेही खडे घालून, म्हणजे बुडायची भीती नाही. बूड घाण चिकटून बंद होऊ नये म्हणून रोज कोमट पाण्याने पुसायचं. पावसाने ओल्या झालेल्या वाशाला वाळवी लागली होती, तिचा तुकडा आणून खोक्यात झटकला की पिलू अंगात आल्यासारखं धावायचं. पंखांच्या कडेला निळसर नळ्या दिसू लागल्या, एकेक नळी टोकाशी फुटून तिच्यातून पीस उलगडू लागलं. चुलीतली थंड राख एका कोपऱ्यात टाकली, तर त्याने तिच्यात बसून पंखांनी ती अंगावर उडवायला सुरुवात केली. हे त्याला कुणीही शिकवलं नव्हतं.

आणि ते माझ्या मागे येऊ लागलं. पडवीत, परसात, विहिरीवर. मी थांबले की पायावर येऊन बसायचं, चालू लागले की हाक मारत धावायचं. कॉनराड लोरेंझ यांच्या मागून चालणारी हंसपिलं पुष्कळांना माहीत आहेत. त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. पण त्यांच्याही आधी, १८७३ साली, डग्लस स्पाल्डिंग नावाच्या इंग्रज निरीक्षकाने कोंबडीच्या पिलांवर हे लिहून ठेवलं होतं. त्याने पिलं निघताच त्यांच्या डोळ्यांवर टोपी चढवली. ज्यांची टोपी लवकर काढली ती माणसाच्याही मागे निघाली. ज्यांची जवळपास चार दिवसांनी काढली ती त्याला बघून भेदरून पळाली. आपलं कोण हे ठरवायला पिलाला फार थोडे दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत समोर जो असेल तो त्याचा होतो. माझ्या मागे धावणारं ते पिलू बघून घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक वाटायचं. मलाही फार प्रेम वाटायचं. पण त्या प्रेमात हळूहळू काळजी मिसळू लागली.

कारण परसात घार फिरायची. कोंबडी चरताना बघावी: दाणे टिपता टिपता ती मधेच मान कलती करते आणि एक डोळा वर लावते. घारीची सावली दिसली की तिच्या गळ्यातून एक लांब, बारीक आवाज निघतो. मुंगूस किंवा कुत्रा आला तर आवाज वेगळा, तुटक आणि मोठा. पीटर मार्लर, क्रिस एव्हान्स या संशोधकांनी हे आवाज ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना परत ऐकवले. आभाळाचा आवाज ऐकताच, घार कुठेही नसताना, त्या दबून बसल्या आणि वर बघू लागल्या. कोंबड्यांना शत्रू कुठून येतोय हे एकमेकांना सांगता येतं. मी पिलाला कणी दाखवू शकत होते, वाळवी आणू शकत होते. पण मी चालताना पायांकडे बघते, आभाळाकडे नाही. माझ्यामागे येणारं पिलूही वर बघत नव्हतं.

शेजारच्या काकी कुंपणाशी उभ्या राहून हे बघत होत्या.

"माका दी ता," त्या म्हणाल्या. "माझी कोंबी उद्या-परवा उतारतली. रातचा तिच्या पोटाखाली सारूया. काळोखात तिका काय कळाचा नाय."

"आणि टोचल्यान तर गो काकी?"

"टोचल्यान तर सकाळी उचलून आण. पण एकदा तिच्याकडे जावंदे."

त्यांच्या कोंबडीची पिलं निघाली त्या रात्री आम्ही दिवा न लावता खुराड्यात हात घातला. पिलू तिच्या छातीखाली सरकवलं. ते एकदा ओरडलं, मग आतून तो हलका, तोंडातल्या तोंडातला आवाज आला. सकाळी कोंबडीने त्याच्या डोक्यावर एकदा चोच मारली. ते बाकीच्यांहून थोडं मोठं होतं आणि रंगानेही वेगळं. पण ते तिच्यापासून हटलं नाही, आणि दाणा टाकून तिने बोलावलं तेव्हा सगळ्यात आधी पोचलं. सुरुवातीला मी कुंपणाशी दिसले की ते माझ्याकडे धावायचं. पुढे अर्ध्या वाटेवरून वळायला लागलं. भावंडांशी त्याच्या झटापटी व्हायच्या, कुणाला कुणी टोचायचं हे ठरत होतं. कोंबड्यांमधला हा मानाचा क्रम नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकात मांडला. ज्याची जागा ठरलेली नाही त्याला घोळक्यात सुख नसतं. एका दुपारी काकींच्या कोंबडीने तो लांब, बारीक आवाज काढला आणि सगळी पिलं अळवाखाली शिरली. त्यांत काळ्या पाठीचंही होतं, आणि शिरण्याआधी त्याने वर बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याची पुढे चांगली तलंग झाली आणि ती काकींच्याच खुराड्यात राहिली.

तुमच्याकडे कधी असं एकच पिलू उरलं, तर ऊब, पाणी, कणी यांची सोय कराच. पण त्याच दिवशी त्याच्यासाठी सोबतही शोधायला निघा. गावात कुणाची कोंबडी नुकतीच पिलं घेऊन उतरली असेल तर रात्री तिच्याखाली सारा; पिलू जितकं लहान, तितकी ती त्याला लवकर घेते. तसं कुणी नसेल तर उबवणी केंद्रातून त्याच्याच वयाची दोन-चार पिलं आणा. बाकीची पिलं मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने गेली असतील, तर मात्र वाचलेलं पिलू दुसऱ्याच्या कोंबड्यांत नेऊ नका, आधी पशुवैद्याला विचारा. पिलू तुमच्या मागे धावू लागलं की त्याला सोडणं जड जाईल. तरी सोडा. तुमच्या मायेने ते जगेल. कोंबडी मात्र ते कोंबड्यांतच होईल.