हसता हसता कॉलिन्स मीच निघालो

रविवारी रात्री मुलीबरोबर १९४० चा ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पाहिला. ब्लॅक अँड व्हाइट, एमजीएमचा. ग्रीअर गार्सन एलिझाबेथ, लॉरेन्स ऑलिव्हिए डार्सी. श्रीमंत जावई गाठायला दोन आया घोडागाड्यांची शर्यत लावतात, तिथपासून आम्ही दोघं नुसते हसत होतो.

सगळ्यात जास्त हसलो मिस्टर कॉलिन्सला. बेनेटांना पाच मुली, मुलगा नाही. त्यामुळे बापामागे घर-जमीन जाणार या चुलतभावाकडे. तो पाहुणा म्हणून येतो आणि त्यातल्याच एकीशी लग्न करून वर उपकार करायला बघतो.

मुलगी म्हणाली, "बाबा, पाच जणी असून एकीलाही काही नाही? काय फालतू कायदा!"

मी "हो ना" म्हणालो आणि गप्प बसलो.

कारण वडील गेल्यावर दोन्ही बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधक कार्यालयात मीच नेलं होतं. हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो झाले. बाहेर चहा, घरी साडी. सातबाऱ्यावरून दोघींची नावं गेली. ताई एवढंच म्हणाली, "असू दे रे, माहेर राहिलं म्हणजे झालं." मला ते प्रेम वाटलं. तिला भीतीही असेल, हे डोक्यातच आलं नाही.

बेनेटांच्या मुलींचं कायद्याने काढून घेतलं. आपल्याकडे उलटं आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. २००५ मध्ये देशभर, लग्न झालेल्या मुलींनाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हा हक्क जन्मानेच आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. म्हणजे कायदा देतो आणि आपण भाऊ लोक साडी देऊन परत घेतो.

सिनेमात डार्सी येतो आणि गोड शेवट होतो. माझ्या बहिणींच्या घरी कोणी डार्सी आला नाही. धाकटी आजही भाड्याच्या घरात राहते.

काल ताईला फोन केला. म्हटलं, वकिलाला विचारतोय, तुमचा वाटा परत नावावर कसा करायचा ते. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वहिनीला विचारलंस का?"

विचारलंय, ताई. ती माझ्याआधी तयार होती.

ज्यांच्या घरी सध्या हक्कसोडीचे कागद तयार होतायत, त्यांनी एकदा बहिणीला विचारा. ऑफिसच्या रांगेत नको, घरी बसून विचारा. आणि ती "नाही" म्हणाली, तरी भाऊबीजेला तिच्याकडे जा.