पंचाहत्तर वर्षांची फाइल, पाच वर्षांचा करार

मी इंग्लंडमधील एका कौन्सिलच्या अभिलेख विभागात नोकरी करतो. गेल्या वर्षी आमच्या कौन्सिलने जुनी संगणकीय दस्तऐवज-प्रणाली काढून नवी घेण्याचे ठरवले आणि सहा जणांच्या निवड समितीत माझा समावेश झाला. वित्त, कायदा, माहिती तंत्रज्ञान, बालकल्याण आणि खरेदी या विभागांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी माझ्यासोबत होता. आपल्या वाचकांपैकी अनेकजण संगणक क्षेत्रात आहेत. अशा बैठका त्यांनी टेबलाच्या या किंवा त्या बाजूने पाहिल्या असतील. विषय रूक्ष आहे हे मान्य करूनही त्याविषयी लिहावेसे वाटले, कारण ज्या समाजातून आपण आलो, त्याचे कागदाशी असलेले नाते कधीच रूक्ष नव्हते.

कौन्सिलकडे नाना तऱ्हेचे कागद असतात. घरांचे भाडेकरार, बांधकामाच्या परवानग्या, शाळाप्रवेश, कर आणि समाजकल्याणाच्या फाइली. प्रत्येकाचा जतन-कालावधी वेगळा. काही कागद सहा-सात वर्षांनी नष्ट करता येतात. परंतु जे मूल आईवडिलांपासून दूर, शासनाच्या देखभालीखाली वाढले, त्याची फाइल त्याच्या जन्मापासून पंचाहत्तर वर्षे ठेवावी लागते. दत्तकविधानाची फाइल शंभर वर्षे. आणि आम्ही जी प्रणाली निवडणार होतो, तिचा करार होता पाच वर्षांचा. आज जन्मलेल्या एखाद्या बालकाची फाइल अशा पंधरा करारांमधून सुखरूप पार व्हायची आहे. निवडीचा सारा प्रश्न मला या एका हिशोबात दिसत होता.

अशा फाइली मागायला माणसे येतात. कायद्याने त्यांना स्वतःविषयीची माहिती मागण्याचा हक्क आहे आणि आम्हाला साधारणपणे महिनाभरात उत्तर द्यावे लागते. येणारे बहुधा चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले असतात. ओळख पटेल असे काही येथे लिहीत नाही. पण एका गृहस्थांचा प्रश्न एवढाच होता, की आई मला कधी भेटायला आली होती का? त्यांच्या फाइलमध्ये एका समाजसेविकेच्या हातची चार ओळींची टिपण होती. आई आली होती. मूल झोपले होते. उठवू नका, असे ती म्हणाली आणि थोडा वेळ पलंगाशी बसून गेली. ते गृहस्थ बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसले. ती टिपण कोणत्याही संगणकीय शोधात सापडली नसती, कारण अक्षर किरटे होते आणि त्यात मुलाचे नावही नव्हते. ती सापडली, कारण पन्नास वर्षे कोणीतरी तो कागद योग्य फाइलमध्ये, योग्य क्रमाने राहू दिला होता.

पुरवठादार कंपन्यांची सादरीकरणे देखणी असतात. पडदा उजळतो, एक शब्द टाइप होतो आणि क्षणात शंभर कागद समोर येतात. ते कागद कंपनीने स्वतः निवडलेले, स्वच्छ छापलेले असतात. म्हणून मी समितीला विनंती केली, की कागद आपले असावेत आणि कामेही आपण नेमून द्यावीत. समितीने ते मान्य केले. बनावट नावे घालून आम्ही चार कामे तयार केली.

पहिले, एकाच व्यक्तीचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असताना तिचे सर्व कागद शोधणे. पासपोर्टवर वडिलांचे नाव मध्ये की शेवटी, यावरून आपल्यापैकी कितीजणांना खिडकीसमोर ताटकळावे लागले आहे! दुसरे, त्रयस्थ व्यक्तीचा मजकूर झाकून कागद देणे आणि तो काळा पट्टा खालचा मजकूर खरोखर काढतो, की नुसता वरून झाकतो, हे पाहणे. तिसरे, एक फाइल नष्ट करून ती कोणी, केव्हा, कोणाच्या आदेशाने नष्ट केली याची नोंद मागे राहते का, हे तपासणे. चौथे, हजार कागद त्यांच्या तारखा, वर्गवारी आणि क्रमासह बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवणे.

पहिल्या दोन कामांत तिन्ही कंपन्या थोड्याफार फरकाने उतरल्या. चौथ्या कामात सर्वांत देखण्या आणि सर्वांत स्वस्त प्रणालीने हजारच्या हजार कागद बाहेर दिले. पण त्यांची नावे निव्वळ आकडे होती. कोणता कागद कोणत्या मुलाचा, कोणत्या वर्षाचा, हे सांगणारे सारे आतच राहिले. कंपनीचे म्हणणे असे, की ग्राहक सहसा हे मागत नाहीत. ते खरेही असेल. घर घेताना बाहेर पडण्याचा दरवाजा कोण मोजतो?

खरा वाद झाला तो नष्ट करण्यावरून. वित्त विभागाच्या सहकारी म्हणाल्या, मुदत संपली की प्रणालीने आपोआप कागद पुसावेत. साठवणीला पैसे पडतात आणि गरजेपेक्षा अधिक काळ वैयक्तिक माहिती बाळगू नये, असे कायदाच सांगतो. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी विंडरशचे उदाहरण दिले. राष्ट्रकुलातून येऊन १९७३ पूर्वी येथे स्थायिक झालेल्या लोकांना राहण्याचा हक्क होता, पण शासनाने त्यांना त्याचा कागद दिला नाही आणि त्यांची यादीही ठेवली नाही. पुढे नियम कडक झाले, तेव्हा त्यांच्याकडे वर्षावर्षाच्या वास्तव्याचा पुरावा मागितला गेला. त्यांच्यापैकी अनेकांच्या आगमनाची नोंद असलेली लँडिंग कार्डे मात्र गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. माहिती गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये, हेच कारण नंतर देण्यात आले. २०१८ मध्ये हे प्रकरण देशासमोर आले, तोवर कित्येकांची नोकरी, घर, औषधोपचार गेले होते. काहींना तर देशाबाहेर काढले गेले होते. ज्या दिवशी ती कार्डे नष्ट झाली, त्या दिवशी कुणालाही ती मौल्यवान वाटली नसतील.

बैठकीत मी एवढेच बोललो. मनात मात्र आमच्या गावचे दप्तर होते. माझ्या पुतणीच्या जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. आमच्या घरात त्या काळचा लिखित कागद नव्हता. पणजोबांना अक्षरओळखच नव्हती. अखेर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, रुमालात बांधलेल्या कोतवाल बुकात आजोबांच्या जन्माची मोडीतील एक ओळ सापडली. जी जात आमच्या घराने १९५६ नंतर मागे टाकली, तीच सिद्ध करण्यासाठी ती ओळ लागली, हा विरोधाभास वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या ओळीवर एका मुलीचे शिक्षण उभे राहिले. लिहिणाऱ्याला आमच्याविषयी आस्था होती असे नव्हे. त्याने नियमाने लिहिले आणि त्याच्यानंतरच्या कुणी ते बुक रद्दीत घातले नाही, इतकेच.

अखेर समितीने गुणांकन बदलले. कागद बाहेर काढण्याची सोय आणि नष्ट करण्याची नोंद यांना किमतीखालोखाल महत्त्व मिळाले. निवडलेली प्रणाली दिसायला साधी आणि थोडी महाग आहे; तिचा शोध संथ आहे, आणि त्याबद्दल सहकारी अजून मला टोमणे मारतात. पण करारात तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत. दरवर्षी एका विभागाचे सर्व कागद बाहेर काढून, दुसरीकडे उघडून दाखवायचे. मुदत संपलेली फाइल दोन माणसांनी पाहून संमती दिल्याशिवाय पुसायची नाही. आणि ती पुसली, तरी अशी फाइल होती आणि अमुक कारणाने गेली, ही नोंद कायम राहील.

आपली मुले या क्षेत्रात मोठ्या पदांवर जात आहेत. कुणी अशा प्रणाली बांधतात, कुणी विकतात, कुणी विकत घेतात. त्यांना सांगावेसे वाटते, की बैठकीत वेग आणि किंमत यांविषयी विचारणारे पुष्कळ असतात. ज्याच्याकडे स्वतःचा एकही कागद नाही आणि जो चाळीस वर्षांनी खिडकीपाशी येणार आहे, त्याच्या वतीने विचारणारा सहसा कुणी नसतो. ती खुर्ची आपण घ्यावी. कागदावाचून माणसाचे काय होते, हे आपल्याला वाचून कळलेले नाही.

जय भीम.