दहाची पुडी

विरारहून सुटणाऱ्या सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये आमचा बायकांचा ग्रुप आहे. आठ वर्षं मी त्यात आहे. दसऱ्याला डब्याला तोरण, संक्रांतीला हळदीकुंकू, कुणाची मुलगी बारावी झाली की पेढे. ग्रुपमधली सगळ्यात मोठी म्हणजे ताई. बँकेत आहे, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी न मागता ताईनं पाकीट माझ्या पर्समध्ये सारलं होतं आणि "जमेल तसे दे" एवढंच म्हणाली होती. ती कशी आहे हे आधी सांगायला हवं, म्हणून सांगितलं.

त्या दिवशी नायगाव मागे पडलं होतं, गाडी भाईंदरच्या खाडीवर होती. ताई तिच्या शाखेत नव्यानं लागलेल्या मुलीबद्दल सांगत होती. मुलगी फॉर्म चुकीचे भरते, दोनदा सांगितलं तरी विसरते. "अगदी मतिमंद आहे गं," ताई म्हणाली आणि तोंड उघडं टाकून, मान कलती करून तिनं त्या मुलीची नक्कल केली. चौघीजणी हसल्या. मीही हसले.

माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. आठ वर्षांत मी हे त्या डब्यात कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. विषय निघाला की "भाऊ घरीच असतो, वाडीचं बघतो" म्हणून मी पुढे सरकायचे. दादरला उतरले तरी ती कलती मान डोळ्यांसमोरून जाईना. माझ्या भावाची मान तशी नाही. पण लोकांच्या डोक्यात त्याच्यासारख्या सगळ्यांची मान तशीच असते.

आगाशीकडे आमची लहानशी वाडी आहे, सोनचाफ्याची. चाफा पहाटे, पूर्ण उमलायच्या आत तोडावा लागतो, नाहीतर दादरच्या फुलबाजारात पोचेपर्यंत पाकळी सैल पडते. ऑपरेशननंतर आईला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून तोडायला गडी येतो. पुड्या मात्र भाऊच भरतो. त्याला दहाच्या पुढे मोजता येत नाही, म्हणून आमची पुडी दहाची. ओल्या फडक्यावर तो पाच-पाचच्या दोन ओळी लावतो. प्रत्येक कळीला बोट लावतो. एखादीच्या टोकाला काळपट डाग असेल तर ती बाजूला जाते, मग आईनं कितीही म्हणू दे "चालतंय रे". देठ खाली, टोक वर, पिशवीत थोडी हवा ठेवून गाठ. आमची फुलं घेणारी बाई बाकी सगळ्यांच्या पुड्या सोडून मोजते. आमची तिनं कधी मोजलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्या शेजारी चहा घेत बसले होते. एक पिशवी तळातून फाटली, कळ्या मातीत पडल्या. त्यानं तळहातानं आपल्याच कपाळावर मारलं आणि म्हणाला, "मंद! मंद!"

मी कप खाली ठेवला. विचारलं, असं कोण म्हणतं तुला?

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं मी काहीतरी खेळ खेळतेय. "दीदी," तो म्हणाला. "फोनवर."

आई चुलीपाशी होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "म्हणतेस की. त्या गॅसवाल्याला, तुझ्या हापिसातल्या पोराला. रोजच."

त्याला मी आयुष्यात कधी तसं म्हटलेलं नाही. कधीच नाही. पण घरात तो ऐकत असतो, आणि दीदी जेव्हा कुणावर चिडते तेव्हा हा शब्द येतो, एवढं त्याला पक्कं कळलेलं आहे. चूक झाली की माणूस मंद होतो, हे तो माझ्याकडून शिकला. ताईला काय सांगायचं हे मी रात्रभर जुळवत होते. त्या क्षणी त्यातलं निम्मं गळून पडलं.

शब्दांचं आम्ही घरात पुष्कळ सोसलं आहे. भाऊ १९८६ सालचा. जन्मला तेव्हा डॉक्टरांनी आईला सांगितलं, "मंगोल मूल आहे." आईला वाटलं हे रोगाचं नाव. लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरनं १८६६ मध्ये चेहऱ्यावरून एका अख्ख्या वंशाचं नाव या मुलांना चिकटवलं होतं. पुढे १९५९ मध्ये लेज्यून या फ्रेंच संशोधकानं कारण दाखवून दिलं की एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, वंशाचा काही संबंध नाही. तरी शब्द हटला नाही. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेला सांगितलं की आमच्या लोकांना हे लागतं, तेव्हा संघटनेनं तो सोडला. एका देशाला सांगावं लागलं. आणि त्यानंतर एकवीस वर्षांनी तोच शब्द वसईत माझ्या आईच्या कानावर आला.

मग "मतिमंद" आला. तो मुळात बरा म्हणून आणलेला शब्द, वेडा आणि खुळा यांच्या जागी, शाळांच्या पाट्यांवर लिहिता यावा असा. वडील गेल्यावर भावाच्या कायदेशीर पालकत्वासाठी आम्ही डहाणू लोकलनं पालघरला खेपा घातल्या. अठरा वर्षांपुढच्या अशा व्यक्तीचा पालक नेमायचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे असतं. ज्या १९९९ च्या कायद्याखाली तो अर्ज होतो त्याच्या नावातच 'मेंटल रिटार्डेशन' आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्या जागी बौद्धिक अक्षमता आली. स्टेशनवरच्या डब्याच्या पाटीवरही अपंगचं दिव्यांग झालं. माझं मत सांगते, पाट्या बदलाव्यातच. पण बदललेला शब्द शिवीसारखा वापरला की दहा वर्षांत त्याचीही शिवी होते. बिघाड आपण तो कुणावर फेकतो त्यात आहे.

२०१६ च्या त्या कायद्याचं कलम ९२ मला ठाऊक आहे. लोकांसमोर दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निपुण मल्होत्रांच्या खटल्यात चित्रपटवाल्यांनाही बजावलं की अपंगत्वावरून हिणवणारी भाषा टाळा. हे सगळं हवंच आहे. पण ताईनं अपमान करायचा म्हणून केलेला नव्हता, ती बँकेतली मुलगी धडधाकट होती आणि ज्याला लागावं तो आगाशीत पुड्या बांधत होता. इथे कोणतं कलम लावणार? इथे तोंडानंच सांगायला हवं होतं.

पिशवी फाटली त्याच सकाळी मी स्टेशनच्या पुलावर ताईला गाठलं. ग्रुपसमोर बोलायचं नाही एवढं ठरवलं होतं. चारचौघांत सांगितलं की माणूस आपली बाजू राखायला लागतो आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हटलं, "ताई, काल तू त्या मुलीला मतिमंद म्हणालीस. माझा भाऊ तसा आहे. तुला कधी सांगितलं नाही. मला काल फार लागलं. आणि मीही हसले, ते त्याहून लागलं."

ताईचा चेहरा उतरला. "अगं, मी त्या अर्थानं नाही म्हटलं. मला माहीत असतं तर मी तुझ्यासमोर बोलले असते का?"

"माझ्यासमोर नसतं म्हटलंस. दुसरीसमोर म्हटलं असतंस."

ती जरा रागावली. "मग काय म्हणायचं? तिला काम येत नाही, हे खरं आहे ना?"

"तेवढंच म्हण ना. काम येत नाही. शिकायला वेळ लागतोय." मग मी तिला फाटलेल्या पिशवीचं सांगितलं. तो शब्द त्यानं कुणाकडून उचलला तेही सांगितलं. ती काहीच बोलली नाही. इंडिकेटर बदलला, आम्ही जिना उतरलो.

पुढचे चार दिवस ताई माझ्याशी बेतानं बोलत होती. खिडकी मिळाली तरी मला "ये बस" म्हणाली नाही. आठ वर्षांचं नातं आपल्या हातानं तोडलं की काय, असं वाटून मला एक रात्र झोप आली नाही. पाचव्या दिवशी तिनं डब्यातला अर्धा घावन माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "सगळ्या पुड्या तो एकटा भरतो?" म्हटलं, हो. "मला शुक्रवारी दोन आण." तिनं माफी मागितली नाही. मला ती नको होती.

त्या दिवशी हसलेल्या चौघींपैकी एकीनं नंतर मला वसई रोडला उतरता उतरता हळूच सांगितलं की तिच्या मुलाला ऑटिझम आहे. सहा वर्षांचा आहे. तीही कुणाला बोललेली नव्हती. तीही हसली होती.

भावाचा शब्द अजून पूर्ण गेलेला नाही. पिशवी फाटली की हात कपाळाकडे जातो. मी जवळ असले तर म्हणते, "पिशवी कच्ची होती." कधी तो मान हलवतो, कधी नाही.

तुमच्या डब्यात, कट्ट्यावर, जेवणाच्या टेबलावर हा शब्द कुणीतरी सहज टाकेल. त्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगा. तुमच्या घरी तसं कुणी नसेल तर आधी तुम्हीच सांगा. आम्हाला दर वेळी आपलं घर उघडून दाखवावं लागू नये.