पोकळी वॉटने भरत नाही

वय वाढलं की कानातून वरचे सूर आधी गळतात. झांजेची कड बोथट होते, 'स' आणि 'श' यांतला फरक पुसट होतो. शंभर हर्ट्‌झच्या खालचं ऐकणं मात्र बरंचसं शाबूत राहतं. म्हणून ट्वीटरबद्दल मत देणं मी आताशा टाळतो, सबवूफरबद्दल टाळत नाही. सावेडी उपनगरातल्या स्लॅबच्या बंगल्यांतून माझ्याकडे तक्रारी दोनच येतात: बेस लागत नाही, नाहीतर बेस घुमतो. सबवूफरचा डबा तोच, नॉब तिथेच आणि गाणंही तेच असताना नुसती खुर्ची बदलली तरी एका तक्रारीची दुसरी होते. मग दोष डब्याचा कसा?

आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो. 15 फुटी हॉलची लांबी 4.57 मीटर, तिच्या दुपटीने भागलं की साडेसदतीस हर्ट्‌झ येतात. 12 फुटी रुंदीचे 47, 10 फुटी छताचे 56. हे सूर खोलीचे स्वतःचे. लांबीचा पहिला सूर दोन्ही टोकांच्या भिंतींशी फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर घुमतं, मधोमध असेल तर पोकळी. बारा बाय बाराची चौरस खोली सर्वांत वाईट, कारण लांबी-रुंदीचे सूर एकमेकांवर बसतात. एका पट्टीतला ठोका ऐकून हे कळत नाही. डग्ग्यावरचा सावकाश घिस्सा लावावा. सूर सरकताना मध्येच कुठे फुगला, कुठे बुडाला, ते लगेच उघडं पडतं. त्या बुडालेल्या जागी गेन वाढवून काही होत नाही. सरळ आलेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट सारख्याच वाढतात, एकमेकींना तितक्याच खातात, तापते फक्त कॉइल.

यावर म्हणतात, आता अँप्लिफायर माइक लावून आपोआप दुरुस्ती करतो. करतो, आणि फुगवटा कापण्यापुरती मला ती मान्य आहे. पोकळी तीही भरू शकत नाही, शिवाय एका खुर्चीसाठी कापलेलं शेजारच्या खुर्चीला लंगडं वाटतं. दुसरा आक्षेप, मोठा डबा घ्यावा. त्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन लहान डबे ठेवले तर त्या दिशेचा पहिला घुमार बराच शमतो. तिसरा आक्षेप खरा आहे. मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत हे गणित ढिलं पडतं. पत्रा बेस अडवतच नाही, तो बाहेर निघून जातो, आणि तिथे मोठा डबा कामाचा. फक्त पत्र्याची खडखड डब्याच्या माथी मारू नये. गाणं बंद असतानाही येणारी गुणगुण निराळी. ती 50 हर्ट्‌झच्या विजेची. मे महिन्यात आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तो आधी पाहावा.

खरं बिघडवलं ते मिरवणुकीतल्या डीजेने. छातीत धक्का बसला म्हणजे बेस, ही समजूत तिथून दिवाणखान्यात आली, आणि दुकानदार त्या धक्क्यावरच डबे विकतात. कायद्याचं मापही त्यांच्या सोयीचं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती मोजणाऱ्या मीटरचं 'ए' माप 40 हर्ट्‌झच्या आवाजातून सुमारे 35 डेसिबल वजा करतं. शेजाऱ्याची खिडकी थरथरते, मीटर थंड. मीटरवरचा माझा राग मात्र निव्वळ तात्त्विक नाही. मीटर खिशातून न काढता, नुसतं ऐकून 'चाळिशीच्या आसपास अडलंय' असं गिऱ्हाईकासमोर सांगण्यात जी ऐट आहे, ती मला सोडवत नाही.

तेव्हा नवा डबा घेण्याआधी एवढं करा: हॉल 15 फुटी असेल तर खुर्ची मागच्या भिंतीपासून पाच फुटांवर ओढा आणि तोच घिस्सा पुन्हा ऐका.